मदत हवी आहे: .३०-०६ रायफलीचा झटका कमी करायला बॅरल पोर्टिंग करावं की मझल ब्रेक लावावा?

जास्वंद_इंदूर

नमस्कार मंडळी,

प्रश्न थेट मांडते. माझ्याकडे .३०-०६ काडतुसाची जुनी विलायती बोल्ट-ॲक्शन रायफल आहे. बाबांची. ते गेल्यावर परवाना रीतसर माझ्या नावावर झाला. मी बरीच वर्षं .२२ च्या लहान रायफलीवर ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं पडून नेमबाजी, करत आले आहे आणि आता याच रायफलीने ३०० मीटर प्रोनमध्ये राज्य पातळीवर उतरायचं फार मनात आहे.

.२२ ला झटका म्हणावा असा नसतोच. या रायफलीने पहिल्या दहा-बारा गोळ्या छान जातात, मग ग्रुप फुटतो, म्हणजे गोळ्या एका जागी न लागता विखुरतात. खांदा दुखतो ते सोसता येतं. त्याहून वाईट हे की ट्रिगर सुटायच्या आधीच मान आखडते आणि डोळा मिटतो. प्रोनच्या ६० गोळ्या अशा कशा काढायच्या?

माहिती देते म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल. माझी उंची ५ फूट १ इंच, वजन ४९ किलो. पीप साइटसकट (बारीक छिद्रातून नेम धरायची साइट) रायफलीचं वजन ३.९ किलो. काडतूस १८० ग्रेन गोळीचं, कारण मला तेच मिळतं. दस्त्याच्या मागे कडक प्लास्टिकची बट प्लेट आहे, रबर नाही. कानांवर नेहमीचे मफ असतात.

दोन सल्ले मिळालेत. इंदूरच्या छावणी भागातले एक परवानाधारक गनस्मिथ म्हणतात, पोर्टिंग करून घ्या. बॅरलच्या टोकाजवळ साइटच्या दोन्ही बाजूंना छिद्रं पाडून देतात. रायफलीची लांबी वाढत नाही आणि पुढे काही जोडावंही लागत नाही. क्लबमधले एक दादा म्हणतात, आटे पाडून मझल ब्रेक, म्हणजे नळीच्या तोंडावर बसणारा भोकांचा तुकडा, लाव, अर्धा झटका जागच्या जागी जातो.

कशाने जास्त फरक पडेल? नेमावर परिणाम होतो का? आणि उद्या नको वाटलं तर परत पहिल्यासारखं करता येतं का? बॅरल बाबांच्या हातची आहे, तिला हात लावायच्या आधी मला पक्कं समजून घ्यायचं आहे.

एक विनंती. "बाईमाणसाला एवढी मोठी रायफल कशाला" हा सल्ला कृपया देऊ नये. तो भरपूर मिळालाय.

टूलरूमवाला

ताई, एकच विचारतो. स्पर्धा कुठल्या नियमांखाली खेळणार? त्यावर सगळं अवलंबून आहे.

जास्वंद_इंदूर

एनआरएआयच्या (राष्ट्रीय रायफल संघटना) मार्गाने, म्हणजे आयएसएसएफचेच (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) नियम.

महूकर

मग ताई, उत्तर तिथेच सापडतं. आयएसएसएफच्या रायफल नियमांत मझल ब्रेक आणि कॉम्पेन्सेटर (वायू वर सोडून उसळी दाबणारा तुकडा) या दोन्हींना बंदी आहे. शिवाय बॅरलला किंवा तिच्या पुढे जोडलेल्या ट्यूबला कुठल्याही प्रकारची छिद्रं नसावीत, असंही स्पष्ट लिहिलेलं आहे. ब्रेक निदान काढून ठेवता येतो. पोर्ट केलेली बॅरल मात्र इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे साहित्य-तपासणीच्या, टेबलावरूनच परत पाठवतील, आणि ती छिद्रं बुजवायची काही सोय नाही. तेव्हा पोर्टिंगचा विचार आजच सोडा. बाबांची बॅरल एकदा पोर्ट झाली की त्या रायफलीला तुमच्या स्पर्धेचं दार कायमचं बंद.

मी पायदळातला निवृत्त माणूस आहे, महूलाच स्थायिक झालोय. आर्मी मार्क्समनशिप युनिट गावातच असल्यामुळे ३०० मीटरच्या चर्चा कानावर पडत असतात. तुमचा मूळ प्रश्न नियमावर ढकलून मोकळं व्हायची इच्छा नाही, म्हणून हिशेब मांडतो. हिशेब कळला की पुढचा रस्ताही कळेल.

झटक्याचे दोन हिस्से असतात. एक गोळीचा, दुसरा तिच्यामागून सुटणाऱ्या वायूचा. तुमची १८० ग्रेनची गोळी म्हणजे ११.७ ग्रॅम, आणि नळीतून निघताना तिचा वेग सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास. गुणाकार ९.६ न्यूटन-सेकंद. काडतुसात दारू धरा ३.६ ग्रॅम. तिचा वायू तोंडातून सुटतो त्याचा वेग हिशेबात सेकंदाला साधारण १,४०० मीटर धरायची रीत आहे, म्हणजे आणखी ५ न्यूटन-सेकंद. एकूण झाले १४.६. त्याला ३.९ किलोने भागलं की रायफल सेकंदाला पावणेचार मीटर वेगाने तुमच्या खांद्यात येते. ऊर्जा २७ ज्यूलच्या जरा वर. तुमच्या अंगलटीला हे जड जाणारच, आणि प्रोनमध्ये तर अधिकच. उभं राहून मारताना अंग मागे झुकतं आणि धक्का वाटून घेतं, पालथं पडल्यावर ते होत नाही.

आता ब्रेक. गोळीच्या हिश्श्याला तो हातच लावू शकत नाही. वायू तोंडाबाहेर येतो तिथे त्याला अडवून बाजूला वळवणं एवढंच त्याचं काम. बागेतल्या पाइपच्या तोंडाला एल्बो लावला की पाण्याचा रेटा दुसरीकडे वळतो, तसंच. पण वायूही गोळीबरोबर नळीतून धावत असतो, आणि त्या धावण्याचा साधारण दीड न्यूटन-सेकंद झटका आधीच देऊन झालेला असतो. ब्रेकने उरलेला सगळा वायू बरोबर आडवा काढला असं धरलं तर १४.६ चे ११ होतात. ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते, म्हणून २७ ज्यूलचे साडेपंधरा-सोळा होतात. ब्रेकची भोकं मागच्या बाजूला तिरकी असतील तर वायू रायफलीला पुढे ओढतो आणि आकडा आणखी खाली येतो. तेव्हा तुमचे दादा "अर्धा" म्हणतात ते बरोबर आहे.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. गोळीच्या मानाने दारू जितकी जास्त, तितका ब्रेक जास्त उपयोगी. मॅग्नम, म्हणजे जास्त दारू भरलेल्या, काडतुसांना तो फार मानवतो. .५० च्या बॅरेट एम८२ च्या तोंडाशी तो बाणाच्या टोकासारखा भला मोठा ब्रेक असतो, तिरुचिरापल्लीत बनणाऱ्या विध्वंसक रायफललाही ब्रेक आहे, ते याच कारणाने. .२२ ला ब्रेक लावून हाती काहीच लागत नाही, तिथे वळवायला वायूच नसतो.

पोर्टिंगचं काम निराळं आहे. छिद्रं तोंडाच्या जरा मागे आणि वरच्या अंगाला. वायू वर सुटतो, म्हणून बॅरलचं तोंड खाली दाबलं जातं आणि रायफल वर उसळत नाही. मागच्या धक्क्यात मात्र ब्रेकच्या मानाने फार थोडा फरक पडतो, कारण बराचसा वायू तरीही तोंडातूनच पुढे जातो. पिस्तुलाला किंवा शॉटगनला, जिथे लगेच दुसरी गोळी मारायची असते, तिथे उसळी कमी होणं मोलाचं आहे. प्रोनमध्ये एकेक गोळी निवांत मारायची. तुमची तक्रार खांद्याची आहे आणि पोर्टिंगचं औषध उसळीवरचं आहे.

नेमाबद्दल विचारलंत. गोळी नळीत असते सुमारे एक हजारांश सेकंद. तेवढ्यात रायफल दीडएक मिलिमीटर मागे सरकते. ब्रेकचं काम सुरू होतं त्यानंतर, गोळी सुटल्यावर. म्हणून ब्रेक गोळीचा नेम थेट सुधारत नाही. मारणाऱ्याची भीती गेली तर मारणाऱ्याचा नेम सुधारतो, आणि ती भीती घालवायला ब्रेकच लागतो असं नाही. त्याबद्दल पुढे लिहितो, जरा बाहेर जाऊन येतो.

टूलरूमवाला

महूकर काकांना +१. माझा हात यंत्रावर बसलेला आहे, इंदूरच्या टूल रूममध्ये शिकलो आणि आता पीथमपूरला असतो. तेवढ्यापुरतं सांगतो.

पोर्टिंग ड्रिलने केलं तर छिद्राच्या आतल्या कडेला बर, म्हणजे धातूची कुसळ, राहते, अगदी केसासारखी. नळीत रायफलिंगवर (गोळीला फिरवणाऱ्या पीळदार खाचांवर) अशी बर उभी राहिली की प्रत्येक गोळीचं तांब्याचं आवरण तिथे खरवडलं जातं. बाहेरून काही दिसत नाही, ग्रुप मात्र बिघडतो. अमेरिकेत मॅग-ना-पोर्ट कंपनीने हे काम स्पार्क इरोजनने, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून, करून नाव मिळवलं ते त्यासाठीच, त्यात हत्यार धातूला टेकतच नाही, म्हणून बर येत नाही. गनस्मिथना "ड्रिल का स्पार्क" एवढं विचारलंत तरी पुष्कळ कळेल. तरी माझं मत काकांचंच आहे, करूच नका.

ब्रेकमध्ये सगळी मेख आट्यांत आहे. बॅरलचा बाहेरचा गोलावा आणि आतली नळी यांचा मध्य एकच असेल असं नाही, जुन्या बॅरलमध्ये तर नसतोच म्हणा. आटे बाहेरच्या अंगावरून पाडले तर ब्रेक वाकडा बसतो. .३०-०६ ची गोळी ७.८२ मिलिमीटर व्यासाची, आणि ब्रेकचं भोक तिच्याहून साधारण अर्धाच मिलिमीटर मोठं ठेवतात. ब्रेक जरा तिरका असला की गोळी कडेला लागलीच. जबलपूरची धनुष तोफ आठवा. २०१७ च्या चाचण्यांत तोफगोळा मझल ब्रेकला लागला होता, आणि तोफ २०१९ मध्ये सैन्याकडे गेली ती सगळी तपासणी पार पाडून. एवढ्या मोठ्या यंत्रणेला जे जपावं लागतं ते कोपऱ्यावरच्या लेथवर होईल असं समजू नये. आटे पाडताना क्राउन, म्हणजे तोंडाची कड, दुखावली तर नेम गेलाच.

आणि कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती किंवा बदल हे परवानाधारकाचंच काम आहे. माझ्यासारख्या ओळखीच्या यंत्रवाल्याकडे बॅरल घेऊन येऊ नका, मी स्वतः ती हातात घेणार नाही. परवानाधारक गनस्मिथकडूनही काम करून घ्यायचं तर आधी कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेत लेखी विचारून घ्या.

लांबपल्ला

जरा दुसरी बाजू. आयएसएसएफ खेळायचं नसेल तर ब्रेकइतकी उपयोगी वस्तू नाही. परदेशात पीआरएस नावाच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धा होतात, तिथे बहुतेक सगळ्यांच्या रायफलींना ब्रेक असतो. झटका इतका कमी होतो की आपली गोळी कुठे लागली ते दुर्बिणीतून स्वतःलाच दिसतं. ताईंनी सरावापुरता ब्रेक लावून स्पर्धेच्या दिवशी काढला तर?

महूकर

लांबपल्ला, पीआरएसबद्दल मान्य. पण सरावापुरता ब्रेक हा सल्ला मी देणार नाही. तोंडावर पावशेर वजन चढलं किंवा उतरलं की बॅरलचं थरथरणं बदलतं, झीरो, म्हणजे साइटची जुळवलेली मांडणी, सरकतो. आणि सगळा सराव अर्ध्या झटक्यावर करून स्पर्धेत पूर्ण झटका घ्यायचा म्हणजे भीती नेमकी त्या दिवशी परत येणार.

डॉक्टर_अकोटा

बडोद्याहून लिहितोय. मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, बंदुकीतलं फारसं कळत नाही. पण वरच्या चर्चेत आवाज राहून गेला, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची पातळी मानली जाते. मोठ्या रायफलीचा आवाज मारणाऱ्याच्या कानाशी १६० च्या आसपास असतो. ब्रेक वायू बाजूला आणि मागे वळवतो, म्हणजे आवाजही तुमच्याकडेच वळवतो. त्याने कानाशी साधारण ५ ते १० डेसिबल वाढतात. ऐकायला आकडा लहान वाटतो, पण ६ डेसिबलला ध्वनीचा दाब दुप्पट होतो. पोर्टिंगलाही हेच लागू आहे, तीही छिद्रं तोंडाच्या अलीकडे, तुमच्या जवळच असतात. शेजारच्या लेनवर पडलेल्या माणसाला तर ब्रेकचा मार तुमच्याहूनही जास्त बसतो. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, आतल्या कानाच्या त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

आता माझी शंका. तुम्ही लिहिलंय की मान आखडते आणि डोळा मिटतो. डोळा मिटणं ही मोठ्या आवाजाला शरीराने दिलेली अगदी मूळची प्रतिक्रिया आहे. तुम्हाला खांद्याची भीती आहे की आवाजाची, हे तपासलंय का? आवाजाची असेल तर पोर्टिंग काय आणि ब्रेक काय, दोन्ही तुमचा त्रास वाढवतील.

फोमचे इअरप्लग कानात नीट आत बसवा आणि वरून मफ घाला. दोन्ही मिळून संरक्षणाची बेरीज होत नाही, चांगल्यावर साधारण ५ डेसिबलची भर पडते, पण या आवाजाला तेवढीही मोलाची आहे. प्लग घालताना हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कानाचा वरचा भाग धरून कान वर ओढायचा, पिळून बारीक केलेला फोम आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी टेकवलेला प्लग काहीच अडवत नाही.

महूकर

डॉक्टरसाहेबांनी नेमकं बोट ठेवलं. मी याच मुद्द्यावर येणार होतो.

ताई, तपासायची रीत जुनी आहे. रायफल तुम्ही भरायची नाही, कोचला भरायला सांगा. कधी खरं काडतूस, कधी डमी, आणि तुम्हाला कळू द्यायचं नाही. डमीवर ट्रिगर ओढल्यावर साइट जागची हलली, तर ती झटक्याने हललेली नाही, कारण झटका झालेलाच नाही. तुमच्याच अंगाने हलवली. आधी नुसत्या मफवर करा, मग प्लग आणि मफ दोन्ही घालून. फरक बघा आणि इथे लिहा.

जास्वंद_इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार. पोर्टिंग रद्द. गनस्मिथकाकांना नम्रपणे कळवलं.

काल रेंजवर काकांनी सांगितलं तसं केलं. कोच सर भरून देत होते. नुसत्या मफवर डमी आली की पुढची साइट सरळ खाली गोता मारत होती. मी स्वतः बघितलं आणि अंगावर काटा आला, कारण खरी गोळी सुटते तेव्हा हे दिसतच नाही. प्लग आणि मफ दोन्ही घातल्यावर डमीवर साइट जवळजवळ जागेवर राहिली. सगळ्या वेळी नाही. शेवटच्या काही गोळ्यांना पुन्हा हलली, पण तोवर खांदाही बोलायला लागला होता. म्हणजे डॉक्टरसाहेब, तुमची शंका बरोबर आहे. मोठा वाटा आवाजाचा आहे आणि उरलेला खांद्याचा.

आता खांद्याचं विचारते. बाजारात दस्त्यावर चढवायचे रबरी रिकॉइल पॅड मिळतात. ते चढवलं तर दस्ता इंचभर लांब होतो आणि माझे हात आखूड आहेत. दस्ता कापायची माझी तयारी नाही. त्या अक्रोडाच्या लाकडावर बाबांच्या गालाची झीज आहे.

महूकर

कापू नका, गरजच नाही. आधी मोजा. बट प्लेटच्या मध्यापासून ट्रिगरपर्यंत किती अंतर भरतं? साधारण पुरुषाच्या मापाने बनवलेल्या रायफलीत ते साडेतेरा इंचांच्या आसपास असतं. तुमच्या उंचीला बारा-साडेबारा ठीक पडेल असा माझा अंदाज आहे, म्हणजे दस्ता तुम्हाला आत्ताच लांब आहे. लांब दस्ता खांद्याच्या खोबणीत न बसता बाहेर, दंडाच्या बाजूला सरकतो आणि धक्का हाडावर येतो. खांदा दुखायचं मला हेच कारण वाटतं.

उपाय असा. बाबांचा दस्ता स्क्रू काढून जपून ठेवा आणि परवानाधारक गनस्मिथकडून त्याच ॲक्शनला (बोल्ट आणि ट्रिगरचा भाग) दुसरा दस्ता बसवून घ्या, मागेपुढे होणारी बट प्लेट असलेला. छावणीतल्या त्याच काकांना हे काम द्या, त्यात बॅरलला हात लागत नाही. नवा दस्ता जाड लाकडाचा घ्या. आयएसएसएफमध्ये ३०० मीटर स्टँडर्ड रायफलीलाही साडेपाच किलोपर्यंत मुभा आहे. तुमची सगळी मिळून ५ किलो झाली तर वरच्याच हिशेबाने २७ ज्यूलचे २१ होतात. त्यात मऊ पॅड आलं की तोच धक्का जास्त जागेवर आणि जास्त वेळात पसरतो, जो प्लास्टिकच्या पट्टीने अजिबात पसरत नाही. प्रोनमध्ये वजन स्लिंगवर (हाताला बांधायच्या पट्ट्यावर) आणि कोपरांवर असतं, तुम्हाला एक किलो जड होणार नाही.

अंगाची रेषाही बघून घ्या. .२२ च्या सवयीने बरेच जण रायफलीला तिरके पडतात, तिथे ते खपतं. इथे जितके सरळ रायफलीच्या मागे पडाल तितका धक्का पाठीतून खाली जाईल. तिरकं पडलं की तो एका खांद्यालाच वळवतो.

टूलरूमवाला

काकांच्या म्हणण्यात एक भर. नवा दस्ता बसवताना ॲक्शन लाकडात सगळीकडून सारखी टेकली पाहिजे, रिकॉइल लगच्या, म्हणजे धक्का लाकडात उतरवणाऱ्या खुंटीच्या, मागे तर अजिबात फट नको. तिथे इपॉक्सी भरून पक्की बैठक (बेडिंग) करून घ्या. आणि स्क्रू दर वेळी सारखेच आवळा, टॉर्क रेंच वापरा. नाहीतर दस्ता बदलल्यावर ग्रुप फुटला की दोष पुन्हा झटक्यावर जाईल.

जास्वंद_इंदूर

मोजलं. बरोबर साडेतेरा इंच.

गनस्मिथकाकांशी बोलणं झालं. साग की शिसवी एवढंच ते विचारतायत. शिसवी जड असते म्हणून माझा कल तिकडे आहे. इथे कोणी शिसवीचा दस्ता वापरलाय का? उन्हाळ्यात इंदूरच्या कोरड्या हवेत आणि मग पावसाळ्यात ते लाकूड किती हलतं, हे अनुभव असलेल्यांनी सांगितलं तर फार मदत होईल.